गोदामाय राहायची ते गाव

नरखेड गेलं तशी समोर बसलेल्या बाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवून मला सांगितलं, "आता इथून एमपी लागते." मी उत्सुकतेने बाहेर पाहिलं. काहीच बदललं नव्हतं. तीच काळी जमीन, वेचणीला आलेली पऱ्हाटी (कपाशी), तिच्यामागे संत्र्यांचे गडद हिरवे बगीचे आणि डोक्याला दुपट्टा बांधून बांधावर बसलेली माणसं. मी ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवते. राज्यांच्या सीमा फळ्यावर रंगीत खडूने काढते. इथे मला ती रेघ कुठे दिसेना.

पांढुर्ण्याला उतरले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. फलाटावरच्या पाट्या हिंदीत, भोवतीचं बोलणं मराठीत आणि त्या मराठीत मधूनच हिंदीची फोडणी. एक हमाल दुसऱ्याला म्हणत होता, "अबे, तो साहेब तिकडे वाट पाहून राह्यला न!" मला हसू आलं. ही बोली मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण एकाच माणसाच्या तोंडून, आणि तीही ठाण्याच्या आमच्या दोन खोल्यांत. ते माणूस मागच्या वर्षी गेलं.

माझे वडील हनोक झिराडकर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणकिनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी यहुदी. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आजोबा मात्र रेल्वेत गेले आणि बदल्या होत होत पांढुर्ण्याच्या पुढच्या तिगाव स्टेशनावर असिस्टंट स्टेशनमास्तर झाले. त्यामुळे बाबांचं बालपण तिगावला गेलं, शाळा पांढुर्ण्याला झाली आणि ऐन तारुण्यात ते नागपूरच्या एका दैनिकाचे सौसरचे वार्ताहर झाले. पुढे मुंबईला उपसंपादक, मग सहायक संपादक. त्यांचे अग्रलेख धारदार असत असं त्यांच्या व्यवसायातली माणसं अजून सांगतात. पण वाचकांनी त्यांना लक्षात ठेवलं ते 'गोदामायचं म्हणणं' या सदरासाठी. सौसरला असताना ते दर आठवड्याला एका शेतकरीण बाईच्या तोंडून, वऱ्हाडी बोलीत, गावच्या गोष्टी सांगत. लेखकाचं नाव नसे. लोकांना वाटे, गोदामाय नावाची बाई खरीच आहे.

बाबा गेल्यावर एका प्रकाशकाने त्या सदराच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. मी जुनी कात्रणं काढली. त्यांत पुस्तकात न घेतलेला एक लेख होता; तो मला आधीपासून माहीत होता. एका आईने मुलीचं ठरत आलेलं लग्न कसं मोडलं, त्याची गोष्ट. सगळ्या सदरातला तो सर्वांत चांगला लेख होता. बाबा आजारी असताना एकदा मी याच लेखाबद्दल त्यांना विचारलं होतं. ते उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "तो नाही, रिबी. तो वहिनींना विचारल्याशिवाय नाही. आणि त्यांना विचारायला मला तोंड नाही. त्यांनीच निरोप पाठवला होता, याचं तोंड पाहायचं नाही म्हणून. मी एका पोरीचं आयुष्य नासवलं."

वहिनी म्हणजे सौसरच्या त्यांच्या घरमालकीण, पार्बताबाई घागरे. त्या हयात आहेत की नाहीत हेही मला ठाऊक नव्हतं. पण विचारायचं होतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी निघाले.

पांढुर्ण्यात स्टेशनजवळ भास्करराव नावाचे जुने वृत्तपत्रविक्रेते आहेत, असं लॉजच्या माणसाने सांगितलं. ऐंशीच्या घरातले, पांढरी टोपी, चष्म्याला दोरी. मी ओळख सांगताच त्यांनी समोरच्या टपरीवरून चहा आणि तर्री-पोहे (वर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतलेले पोहे) मागवले. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, वडिलांच्या आठवणीने.

"बुधवारी पेपराचा गठ्ठा सोडला का लोक पयले विचारत, गोदामाय आली का? शिकेल माणसं विचारत अन् अडाणीही विचारत. इथंच उभं राहून एक जण वाचे, बाकीचे आयकत."

"ती बाबांनी रचलेली होती, हे तुम्हाला माहीत होतं?"

भास्करराव माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहू लागले. "रचलेली? बाई, मी पाह्यली हाये तिले. काटोलच्या बाजारात. नाकात येवढी नथ."

मी वाद घातला नाही. वार्ताहराच्या मुलीला याहून मोठा पुरस्कार कुठे मिळणार होता? निघताना त्यांनी सांगितलं, "तुमचे बाबूजी सौसरले घागऱ्यांकडे राहत. ते लोकं आता मोहगावले गेले. म्हातारी हाये अजून."

म्हातारी आहे. मी त्या दोन शब्दांनी इतकी हरखले की टपरीच्या बाकावर माझा वाचायचा चष्मा विसरून आले. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुपारी रिक्षा करून तिगावला गेले. आजोबांचं स्टेशन. क्वार्टर केव्हाच पाडलेत. तिथे घाणेरी माजली आहे. पण स्टेशनापुढचा चढ तसाच आहे. इथूनच घाट सुरू होतो. बाबा सांगत, मालगाडीला मागून दुसरं इंजिन जोडायचे आणि दोन्ही इंजिनं एकमेकांना शिट्ट्या घालत वर जायची. मी फलाटाच्या टोकाला उभी राहिले. एक लांबलचक मालगाडी आली, सावकाश चढाला लागली. मागे विजेचं इंजिन होतं. रिक्षावाला म्हणाला, "काय पाहून राह्यल्या मॅडम?"

"माझे वडील इथे लहानाचे मोठे झाले."

"रेल्वेवाले?"

"आजोबा रेल्वेत. वडील पत्रकार. आम्ही यहुदी."

त्याने थोडा विचार केला. "मतलब ख्रिश्चन?"

"नाही, त्यांच्याही आधीचे."

"बापरे!" तो म्हणाला आणि आदराने माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

दुसरा दिवस शुक्रवार. सकाळच्या बसने सौसरला निघाले. बसमध्ये माझ्या शेजारी संत्र्यांनी भरलेली पाटी घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्यांनी न विचारता एक संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवलं. "आंबिया बार हाये, गोड लागते," म्हणाल्या. (उन्हाळ्याआधी फुलोरा येऊन दिवाळीच्या सुमाराला उतरतो तो आंबिया बहार.) खिडकीतून शेतं सरकत होती, मधे मधे मोसंबी आणि संत्र्यांचे ढीग घालून बसलेली माणसं, कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या. बाबा याच रस्त्याने सायकल हाणत बातम्या गोळा करायचे. मग लिहिलेला मजकूर सौसरच्या स्टेशनावर नॅरोगेजच्या गार्डाच्या हाती द्यायचे. आता ती छोटी गाडी नाही. रूळ रुंद झालेत.

सौसरला घागऱ्यांचं जुनं घर शोधलं. त्या जागी आता मोबाईलची दुकानं आहेत. एका दुकानाच्या पायरीवर बसून मी बाबांची लाडकी आठवण आठवली. खोली बघायला ते इथे आले तेव्हा मालक नामदेवराव घागऱ्यांनी विचारलं, "तुम्ही कोण लोकं?"

"यहुदी."

"ते कोण असतात?"

"शनिवारी काम करत नाहीत ते."

"बाकीचे दिवस करतात न? मंग राहा."

इतक्या सोप्या मुलाखतीवर त्यांना घर मिळालं होतं. तिथे त्यांनी आयुष्यातली सर्वांत आनंदाची वर्षं काढली, असं ते म्हणत. नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले, चुलते गेले, सख्खे भाऊ गेले. बाबा गेले नाहीत. "तिकडे माझ्याशी मराठीत भांडणार कोण?" असं विचारायचे. मला वाटे, विनोद करतात. त्या पायरीवर बसल्यावर, आजूबाजूचं बोलणं कानावर पडत असताना, ते किती खरं होतं ते उमगलं.

मोहगावला शेअर रिक्षाने पोचले. घागऱ्यांचं घर पहिल्याच माणसाने दाखवलं. सिमेंटचं नवं घर, पुढे पडवी, पडवीत खाटेवर बसून एक फार म्हाताऱ्या बाई सुपात तूर पाखडत होत्या. अंग काटकुळं, पण हात सुपावर लयीत चाललेले. दारात त्यांची सून आली, वंदनाताई. पन्नाशीच्या, इथल्याच शाळेत शिक्षिका. मी नाव सांगितलं. त्यांना ते नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी सासूच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, "मा, झिराडकर आल्या. ठाण्याहून."

सूप थांबलं.

"कोण झिराडकर? तिगावच्या मास्तराचा पोरगा? शनवारवाला?"

"त्यांची मुलगी, आजी. रिबेका."

"अन् तो?"

"गेले. मागच्या वर्षी."

पार्बताबाईंनी सूप पुन्हा हलवायला घेतलं. बराच वेळ त्या पाखडत राहिल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "चोरावानी गेला होता माह्या घरून. आता जगातूनही तसाच गेला. मले नाही सांगतलं."

वंदनाताईंनी मला आत नेलं, पाणी दिलं, जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर भरपूर सांबार (इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि लसणाची चटणी. जेवता जेवता मी त्यांना येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी हात धुतले आणि म्हणाल्या, "मांना वाचून दाखवा. लेख काय आहे ते त्यांना कळू द्या आधी."

मी पिशवीतून लेखाची झेरॉक्स काढली. चष्म्यासाठी हात घातला आणि तेव्हा कळलं की तो पांढुर्ण्याला टपरीवर राहिला. अक्षरं माझ्यापुढे मुंग्यांसारखी पळत होती. शेवटी वंदनाताईंनी कागद घेतला आणि खाटेशी बसून वाचायला सुरुवात केली. आणि मी थक्क झाले. मी वाचत असे तेव्हा ती गंमत होती, बोलीतलं लिखाण होतं. त्यांच्या तोंडून ते नुसतं बोलणं झालं.

"'...पोट्टीनं पावण्यायले पोहे देले, नाव सांगतलं अन् आत येऊन चुलीपाशी रडत बसली. तिले शिकाले जाचं होतं. बापाले सांगाची हिंमत ना तिच्यात होती, ना तिच्या मायीत. मंग मायनं काय केलं? पावण्यायची म्हातारी इहिरीवर हात धुवाले गेली, तिच्यामांगं गेली अन् म्हणे, बाई, मले तुमाले फसवाचं नाही. पोरीले फिट येते. पावणे चहा न पेता उठले. आता तुमी म्हणान, माय खोटं बोलली. हाव, बोलली. पण मी म्हणतो, खरं बोलाची सोय कोणी ठेवली होती तिले?'"

वंदनाताई थांबल्या. म्हातारीचे डोळे मिटलेले होते.

"इहिरीवर नाही," पार्बताबाई म्हणाल्या. "कोठ्यात सांगतलं होतं. गाय पाहाले गेली होती ते म्हातारी. इहीर त्यानं आपल्या मनानं टाकली."

आणि त्या हसल्या. दात नसलेल्या तोंडाने, खांदे हलवत हसल्या. मग हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. गोदामाय कोण, हे त्यांना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. नामदेवराव पेपर वाचून दाखवत आणि म्हणत, ही बाई तुझ्यावानीच बोलते. त्या काही बोलत नसत. संध्याकाळी भाकरी थापताना बाबा चुलीपुढे येऊन बसत, त्या बोलत, ते ऐकत. कधी मुद्दाम एखादी गोष्ट सांगायच्या, छापून यावी म्हणून. शाळेत मास्तर नाही, हे त्यांनीच सांगितलं. छापून आलं आणि मास्तर आला.

"पण शकुनची, माह्या पोरीची, गोष्ट मी छापाले नव्हती सांगतली. मनात मावेना म्हणून सांगतली. अन् बुधवारी ते पेपरात! नाव नव्हतं, पण सौसरमंधी कोणाले नाही समजलं? यायनं पानठेल्यावर आयकलं." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे मान वळवली. हार घातलेला, फेटा बांधलेला, करड्या चेहऱ्याचा गृहस्थ. नामदेवराव. "घरी आले, मायासंगं बोलले नाही. वर्षभर नाही बोलले. पुऱ्या गावाचे दोन भाग झाले. अर्धे म्हणे, माय खोटी. अर्धे म्हणे, पेपर खोटा, पोरीले फिटच येते. मंग कोण सोयरीक आणते? हे चिडून म्हणे, जाय नागपूरले, शिक, नर्स हो, नाही तं काय होशीन! अन् गेली पोट्टी."

मी उठून उभीच राहिले. "म्हणजे शकुनताई नर्स झाल्या?"

"मोठी नर्स. पेन्शन घेऊन राह्यली आता."

बाबांच्या उशीशी बसले होते ती दुपार माझ्या डोळ्यांपुढे आली. एका पोरीचं आयुष्य नासवलं, म्हणाले होते. तेव्हा ती पोर नागपुरात आपली नोकरी संपवून निवृत्त झालेली होती.

"मग आजी, तुम्ही बाबांना तसा निरोप का पाठवलात?"

"कोनता?"

"की त्यांचं तोंड पाहायचं नाही. त्या निरोपामुळेच ते सौसर सोडून गेले. पुन्हा कधी आले नाहीत."

पार्बताबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. "मी?" म्हणाल्या. "मी कायले पाठवीन? मी तं त्या दिवशी रामाकोन्याच्या बगीच्यात होती. याले चांगलं झाडीन म्हणून दिवसभर मनात बोलत होती. घरी आली तं खोली खाली. पेटी नाही, सायकल नाही. यायले इचारलं, तं हे म्हणे, गेला. सांगून नाही गेला."

वंदनाताईंनी हातातला कागद खाली ठेवला. पार्बताबाईंची मान हळूहळू पुन्हा त्या फोटोकडे वळली. फेट्याखालचा करडा चेहरा होता तसाच.

"येवढी वर्षं मायासंगं एका ताटाशी बसला बावा," त्या म्हणाल्या. "माह्या मांडीवर डोकं ठेवून मेला. अन् हे येवढं नाही सांगतलं."

मला वाटलं, आता त्या चिडतील, शिव्या देतील. तसं काही झालं नाही. त्यांनी सूप सुनेकडे दिलं आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

मी पडवीच्या पायरीवर बसले. पाखरं झाडांवर परतायला लागली होती. बाबांना आणि वहिनींना, एका चिडलेल्या माणसाने एका दुपारी टाकलेल्या एका वाक्याने, जन्मभर एकमेकांविषयी गैरसमजात ठेवलं होतं. बाबा रोज शेकडो वाक्यं तपासायचे. बातमी दोन्ही बाजूंनी विचारून घ्या, असं नव्या वार्ताहरांना दटावायचे. ही एक बातमी त्यांनी तपासली नाही. शरमेपुढे तेही इतर कुणासारखेच एक माणूस होते.

सूर्य मावळायला आला तेव्हा मागून हाक आली. पार्बताबाई उठून बसल्या होत्या.

"आज शुक्रवार न व? दिवा नाही लावत तू?"

मी चमकले. शुक्रवारी सूर्यास्ताआधी शब्बाथचा दिवा लावायचा आमचा रिवाज. आई गेल्यापासून मी तो कधी लावायची, कधी राहून जायचा.

"तुम्हाला माहीत आहे?"

"मी तं त्याच्यासाठी तेल काढून ठेवो. एकटा माणूस, त्याच्यात बाया दिवा लावतात म्हणे, पण याच्या घरी बाई कुठं होती? तूच लाव म्हटलं. डोक्यावर रुमाल टाके अन् काहीतरी पुटपुटे. मी अन् शकुन दारातून पाहो."

वंदनाताईंनी पितळेची समई आणली, तेल घातलं. मी डोक्यावर ओढणी घेतली, वात लावली आणि हातांनी डोळे झाकले. बाबांनी शिकवलेले शब्द म्हटले. डोळे उघडले तेव्हा पार्बताबाई हात जोडून बसल्या होत्या. त्यांच्या देवघरातला दिवाही लागला होता.

शनिवारी आम्ही सगळे रामाकोन्याजवळच्या त्यांच्या बगीच्यात गेलो. पार्बताबाईंना मुलाने गाडीत बसवून आणलं. संत्र्यांची तोडणी चालू होती. मी आणि वंदनाताईंनी एका परातीत मलिदा केला. (भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची आणि वर फळं. नवस फेडताना किंवा आनंदाच्या वेळी आमच्यात एलियाहू हन्नाबी या पैगंबराच्या नावाने हा करतात.) तोडणीच्या बायांनी वाट्या भरभरून खाल्ला. एकीने विचारलं, "हे सत्यनारायणाचं हाये का?" पार्बताबाई म्हणाल्या, "शनवारवाल्यायचं हाये. गुपचूप खाय."

तिथेच झाडाखाली मी त्यांना विचारलं, लेख पुस्तकात घालू का?

"माया इकडून हाव हाये," त्या म्हणाल्या. "पण गोष्ट मायी थोडीच हाये? शकुनची हाये. तिले तेव्हा मीही नाही इचारलं, तुया बापानंही नाही. तुले नागपूरवरूनच जा लागते न? तिच्या घरी जाऊन इचार. फोनवर नोको इचारू."

निघताना त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नीट पाहून घेतला. "नाक त्याचंच हाये," म्हणाल्या.

शकुनताई घागरे नागपुरात एका शांत वस्तीत पहिल्या मजल्यावर राहतात. सत्तरी गाठलेल्या, उंच, ताठ, केस कापलेले. लग्न त्यांनी तिशी उलटल्यावर आपल्या पसंतीने केलं, नाव माहेरचंच ठेवलं; यजमान आता नाहीत, मुलगा पुण्यात. आईने फोन करून ठेवलेलाच होता. त्यांनी कागद घेतला, खिडकीशी उभं राहून पूर्ण वाचला, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मी चहा तसाच धरून बसले होते.

"तुम्हाला सगळे सांगतील की या लेखामुळे मी नर्स झाले," त्या म्हणाल्या. "ते खरं आहे. वडील रागावले नसते तर मला कधीच पाठवलं नसतं. पण त्याआधीचे महिने कोणाला माहीत नाहीत. मी पाण्याला गेली तरी बाया माझ्या हातांकडे पाहायच्या, थरथरतात का म्हणून. एकदा ठेच लागून पडली. उठायच्या आधीच कोणीतरी माझ्या नाकाला चप्पल लावली. फिट आलेल्याला हुंगवतात ना, तशी."

त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

"आईनं माझ्या नावावर खोटं सांगितलं. माझ्या भल्यासाठीच. तुमच्या बाबांनी नाव लपवून खरं लिहिलं. तेही चांगल्या मनानंच. मी सतरा वर्षांची होते. मला वाटायचं, दोघांपैकी एकानं तरी एकदा विचारावं, शकुन, तुला काय म्हणायचं आहे?"

"आता मी विचारते," मी म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात तर हा लेख कुठेच छापणार नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली, उघडली.

"छापा," म्हणाल्या. "पण यात सगळीकडे 'पोट्टी' लिहिलं आहे. तिथं माझं नाव घाला. शकुन. आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ टाका."

"काय टाकू?"

"शकुन घागरे, निवृत्त परिचारिका. हिला आजपर्यंत एकदाही फिट आलेली नाही."

आणि मग मात्र त्या हसल्या. आईसारख्याच, खांदे हलवत.

ठाण्याला परतताना रात्रभर गाडीत मी जागी होते असं म्हणणं खोटं होईल. मी गाढ झोपले. सकाळी कसाऱ्याच्या घाटात जाग आली तेव्हा पहिला विचार आला की हे सगळं बाबांना सांगायला हवं, आणि मग आठवलं. प्रवासातलं ते एकच दुःख मी घरी घेऊन आले. बाबा तिथे परत गेले असते, एकदा जरी पडवीत उभे राहिले असते, तर वहिनींनी त्यांना चांगलं झाडलं असतं आणि मग भाकरी वाढली असती. ती बोलणी खायचा त्यांचा हक्क होता. तो त्यांना मिळाला नाही.

जुनी आवृत्ती निघाली तेव्हा मुंबईतल्या मुद्रितशोधकाने गोदामायच्या तोंडचं 'मी जातो, मी म्हणतो' चूक समजून सगळीकडे 'जाते, म्हणते' केलं होतं. तिकडच्या बायका तसंच बोलतात, हे त्याला माहीत नव्हतं. बाबांनी रात्री बसून एकेक शब्द परत पहिल्यासारखा केला होता. आता नव्या आवृत्तीची मुद्रितं माझ्याकडे आली आहेत. विहीर विहिरीच्याच जागी आहे. बाबांनी रचलेली गोष्ट मी गोठ्यात नेली नाही. लेखाखालच्या त्या बारीक ओळीसमोर संपादकांनी पेन्सिलने विचारलं आहे, 'ही गंमत आहे का? काढायची?'

बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळी कापल्या. फार लिहितोस म्हणून माझ्या निबंधांच्याही कापल्या. मी त्या पेन्सिलच्या खुणेवर शाईने लिहिलं: 'गंमत नाही. राहू द्या.'